किरमिजी रंगाचे झुडूप



किरमिजी लुगडे आपण पाहिलेले आहे. पण या रंगाला हे नाव कुठून आले? ते आले एका झुडपावरच्या किड्यापासून.

ग्रीस, स्पेन या देशांत खडकाळ डोंगर आहेत. उन्हाळा तिथे कोरडा जातो. त्या उतारांवर ओक जातीचे एक खुरटे झुडूप वाढते. त्याचे नाव केर्मेस ओक. हिमालयातला बांज हा त्याचाच भाऊबंद.

ते ओळखायचे कसे? आधी पान पाहा. पान लहान, कडक, कडेला काटे. आता ते उलटे करा. खालूनही हिरवे नि गुळगुळीत. होल्म ओक नावाचे दुसरे झाड असेच दिसते. पण त्याचे पान खालून पांढरट नि लवदार असते. मग फळ पाहा. ते वाटीत बसलेले असते आणि वाटीवर टोकदार खवले असतात. फळ पिकते दुसऱ्या वर्षी.

फांदीवर वाटाण्याएवढी गोळी दिसली, तर ते फळ नव्हे. ती किड्याची मादी! अशा माद्या वाळवून लोक लाल रंग काढीत. फारशीत लाल रंगाला किर्मिज म्हणतात. त्यावरून आपले किरमिजी. सोळाव्या शतकात मेक्सिकोतून कोचिनील किड्याचा रंग आला. तो जास्त उतरे. मग हा धंदा मागे पडला.

झुडूप मात्र टिकून आहे. शेळ्यांनी खाल्ले, वणव्यात जळले, तरी ते बुंध्यातून पुन्हा फुटते आणि उतारावरची माती धरून ठेवते.

आपल्या डोंगरावरही काटेरी झुडपे आहेत. कुऱ्हाड उचलण्याआधी त्यांचे पान उलटून पाहा. झाड ओळखावे, मग तोडायचे की राखायचे ते ठरवावे.