पुन्हा पंगतीत

रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला आपण विचारतो, "काय, आता बरं आहे ना?" तो मान हलवतो. आपले समाधान होते आणि विषय संपतो. कर्करोगातून उठलेल्या माणसाचा मात्र एक अवघड काळ येथूनच सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. मराठवाड्यातल्या कितीतरी रुग्णांची मुंबईची वारी त्यामुळे वाचली. उपचार चालू असतात तोवर रुग्ण एकटा नसतो. एस.टी.त कोणी सोबत असते, रुग्णालयात ओळखीची परिचारिका असते, पुढची तारीख ठरलेली असते. शेवटची तारीख उलटते आणि सारे आपापल्या कामाला लागतात. भीती तेवढी त्याच्याबरोबर घरी येते.

तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. तंबाखूपायी आपल्याकडे हा रोग फार. किरणोपचारांनी लाळ कमी होते, घास कोरडा लागतो. जबडा आखडतो, शब्द नीट उमटत नाहीत. मग तो गृहस्थ लग्नकार्य टाळतो. घरातही सगळ्यांचे झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवतो. काही घरांत त्याचे ताट वेगळे ठेवतात. हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे घराघरांत सांगायला हवे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ साली कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढला. उपचारानंतरही माणसाची चौकशी चालू राहिली पाहिजे, हाच त्यामागचा विचार. आपल्या घरी तोच विचार साध्या गोष्टींतून आणता येईल. फेरतपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहा आणि त्या दिवशी बरोबर जा. डॉक्टरांनी सांगितलेला जबड्याचा व्यायाम रोज होतो की नाही, ते पाहा. वरण पातळ करा, तिखट बेताने घाला. झेपेल ते काम त्याच्याकडे पुन्हा सोपवा. तो भीती बोलून दाखवू लागला, तर "काही होत नाही" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका, ऐकून घ्या. झोप उडाली, जगण्यातला रस गेला असे दिसले, तर तेही डॉक्टरांच्या कानांवर घाला.

पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठू नये, ही आपली जुनी रीत. त्याला जेवायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण बसून राहू या.