छोट्या विमानांचें आवरण



सुटीच्या दिवसांत हौशी मुलें बाल्सा लाकडाच्या काड्या जोडून छोटें विमान रचतात. सांगाडा रेखीव साधतो, रबराला भरपूर पीळही दिला जातो. परंतु विमान हातांतून सुटतांच चार पावलें जाऊन खालीं बसतें. मुलगा रबराला दोष देतो. दोष पुष्कळदां पंख मढविलेल्या कागदाचा असतो.

हिशेबच पाहावा. ७० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद पंख दोन्ही अंगांनीं मढवावयास १,४०० चौरस सेंटिमीटर कागद लागतो. वहीचा कागद चौरस मीटरला सुमारें ६० ग्रॅम भरतो. त्याचें आवरण आठ ग्रॅमांवर जातें. चौरस मीटरला १२ ग्रॅम भरणाऱ्या तलम जपानी कागदानें तेंच काम दोन ग्रॅमांच्या आंत होतें. रबराच्या अल्प बळाला हा फरक मोठा आहे.

मात्र हलकेपणा हा एकच गुण पाहून चालत नाहीं. इंजिनाच्या विमानाला धक्के व तेल सोसावें लागतें. त्यास रेशीम किंवा नायलॉन योग्य. इस्तरीनें चिकटविण्याचा प्लॅस्टिकचा पापुद्रा पाण्यानें भिजत नाहीं. पण तो तलम कागदाहून बहुधा जड असतो, आणि रोगण दिलेल्या कागदाइतका ताठपणा पंखास देत नाहीं. उलटपक्षीं, बंद दालनांत उडविण्याचीं कांहीं विमानें अवघ्या दीड ग्रॅमाच्या आसपास भरतात व अर्ध्या तासाहून अधिक वेळ तरंगतात. त्यांचें आवरण पूर्वीं नायट्रोसेल्युलोजचें द्रावण पाण्यावर पसरून, त्याचा पापुद्रा तारेच्या चौकटीवर उचलून करीत. आतां अतितलम प्लॅस्टिक वापरतात.

कागद ज्या दिशेस सरळ फाटतो ती त्याच्या तंतूंची दिशा. ती पंखाच्या लांबीस समांतर ठेवावी. कागद चिकटवून वाळल्यावर पाण्याचा सूक्ष्म शिडकावा करावा. सुकतांना तो ताणला जातो. नंतर ‘डोप’ नांवाचें रोगण पातळ करून द्यावें. तें दाट झाल्यास वजन तर वाढतेंच, शिवाय कागद आखडून नाजूक पंख पिळवटतो, आणि असें विमान सरळ उडत नाहीं. म्हणून पंख सुकेपर्यंत फळीवर टांचण्यांनीं जखडून ठेवावा. रोगणाची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या असाव्यात व जवळ दिवा किंवा शेगडी नसावी.

मढविण्यापूर्वीं व मढविल्यानंतर पंख तराजूंत घालण्याची संवय मुलांस लावावी. पुढील विमानाचें आवरण कोणतें घ्यावें, हें त्या दोन आंकड्यांवरून त्यांचें त्यांनाच ठरवितां येईल.