मोठ्या सामन्यात संघ का मोडतात?



वैशाखात दिवसभर घरात कोंडून घेतल्यावर संध्याकाळी मोकळ्या हवेत बसायला मिळावे, एवढ्याचसाठी काही मंडळी व्याख्यानाला येतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही पुष्कळ वर्षे त्यांच्यातलाच एक होतो. परंतु आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "गुरुजी, तुमचा आणि फुटबॉलचा काय संबंध?" संबंध फारसा नाही. जन्मभर मी शाळेत गणित शिकवले आणि संध्याकाळी मुलांची कबड्डी घेतली. फुटबॉल पाहिला तो म्हातारपणी, नातवाच्या संगतीने, रात्री जागून. पण पाहता पाहता एक प्रश्न मनात शिरला आणि तो काही केल्या जाईना. तो का जाईना, हे शेवटी सांगेन.

प्रश्न असा. एखादा संघ वर्षभर उत्तम खेळतो, भल्याभल्यांना हरवतो, आणि ज्या दिवशी साऱ्या देशाचे डोळे त्याच्यावर लागलेले असतात, नेमक्या त्याच दिवशी त्याचे हातपाय गळतात. असे का व्हावे?

सन २०१४ मध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धा ब्राझीलमध्ये झाली. ८ जुलै रोजी बेलो होरिझोंती या शहरात ब्राझील आणि जर्मनी यांचा उपांत्य सामना होता. ब्राझीलचा हुकमी खेळाडू नेमार जायबंदी होऊन घरी बसला होता. राष्ट्रगीत चालू असताना त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा सदरा हातात धरून असा काही उंच केला, की जणू एखादा आप्त गेला आहे! पुढे काय झाले? तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटांत, म्हणजे आपण एक कप चहा बशीत ओतून पिऊ तेवढ्या वेळात, जर्मनीने चार गोल केले. अखेरचा निकाल ७–१. जर्मनीचा संघ सरस होता हे खरेच, आणि हरणारा प्रत्येक संघ मनानेच हरतो असेही मी म्हणणार नाही. पुष्कळदा समोरचा चांगला असतो, एवढेच. परंतु सहा मिनिटांत चार गोल केवळ समोरच्याच्या कौशल्याने होत नाहीत. त्या सहा मिनिटांत ब्राझीलची मुले मैदानावर उभी होती, पण खेळत नव्हती.

याची चाहूल आधीच लागली होती. त्याच स्पर्धेत चिलीविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागायचा होता, तेव्हा ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा एका बाजूला जाऊन बसला आणि रडला. सामना ब्राझीलने जिंकला. पण रडे निघाले ते जिंकण्याआधी. इतके ओझे त्यांच्यावर कशाचे होते? त्याला चौसष्ट वर्षे मागे जावे लागते.

१६ जुलै १९५०. रिओमधले माराकाना मैदान, दोन लाखांच्या घरात प्रेक्षक, समोर उरुग्वे. ब्राझीलला जिंकण्याचीही गरज नव्हती. बरोबरी पुरत होती. सामना सुरू होण्याआधीच महापौरांनी खेळाडूंना जगज्जेते म्हणून संबोधून भाषण केले. लग्न लागण्याआधी वरातीचे जेवण उरकावे, त्यातला प्रकार! उत्तरार्ध सुरू होताच ब्राझीलने गोल केला. मग उरुग्वेच्या शियाफिनोने बरोबरी केली आणि एकोणऐंशीव्या मिनिटाला घिघियाने दुसरा गोल मारला. २–१. दोन लाख माणसे एकदम गप्प झाली. त्या दिवशीचा पांढरा सदरासुद्धा अशुभ ठरला आणि ब्राझीलने तो टाकून आजचा पिवळा घेतला. गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याचे काय झाले, ते जरा वेळाने सांगतो.

आता, भीतीने माणूस दुबळा होतो म्हणून हरतो, असे आपण सरसकट समजतो. हे अर्धेच खरे आहे. समोर बसलेल्या भगिनींना एक विचारतो. आपण भाकरी थापता, तेव्हा पीठ किती दाबावे, परात किती फिरवावी, याचा विचार करता काय? नाही. हात थापतो आणि तोंड बोलत असते. परंतु उद्या नवे व्याही घरी आले, पाच जणी भोवती बसून निरखू लागल्या, आणि "आज भाकरी फुगलीच पाहिजे" असे कोणी बजावले, तर त्याच सुगरणीची भाकरी काठाला चिरते. पीठ तेच, हात तेच. फरक इतकाच, की आजवर जे हाताला सोपवले होते, ते आता डोके स्वतःकडे घेते. मानसशास्त्रज्ञांचेही म्हणणे साधारण असेच आहे: अंगवळणी पडलेली कृती दडपणाखाली माणूस तुकडे करून, जाणीवपूर्वक करू पाहतो, आणि तिची लय मोडते. भित्रा माणूसच मोडतो असे नव्हे. ज्याला फार चांगले करायचे असते, तोही मोडतो.

दुसरी गोष्ट सुटका करून घेण्याची. नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टींचा पुष्कळ अभ्यास केला आहे. चेंडू तोच, अंतर तेच, बारा यार्ड. "हा गोल झाला की आपण जिंकलो" अशा वेळी दहांतले नऊ जण गोल करतात. "हा चुकला की आपण हरलो" अशा वेळी दहांतले सहाच. पायाचे बळ काही बदललेले नसते. बदलते ते डोळ्यापुढचे चित्र. आणि दडपणाखालचा खेळाडू घाई करतो. पंचाची शिटी वाजताच इंग्लंडचे खेळाडू इतर मोठ्या देशांच्या खेळाडूंपेक्षा लवकर चेंडू मारत, असे योर्डेट यांना आढळले. १९९०, १९९६, १९९८, २००४, २००६, २०१२ — पेनल्टीवर हरून इंग्लंड परतल्याची ही वर्षे. दवाखान्यात सुई टोचून घेणाऱ्या पोरासारखे ते. नीट लागो न लागो, एकदाचे होऊन जाऊ दे.

पण ब्राझील आणि इंग्लंडला आपण कशासाठी नावे ठेवायची? आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. कबड्डी! हुतुतूला नियमांची बैठक मिळाली ती मुख्यतः महाराष्ट्रात. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचे प्रात्यक्षिक बर्लिनपर्यंत नेले. आशियाई क्रीडास्पर्धांत ती १९९० साली आली, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची. कबड्डीचे सुवर्ण म्हणजे आपल्या घरच्या गाईचे दूध, अशी आपली समजूत झाली.

२०१८ साली जाकार्तात ते दूध नासले. आधी गटातच दक्षिण कोरियाने भारताला एका गुणाने हरवले. मग उपांत्य फेरीत इराण. मध्यंतराला ९–९ अशी बरोबरी होती. येथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. यापेक्षा वाईट स्थितीतून आपण २०१४ च्या अंतिम सामन्यात याच इराणविरुद्ध सावरलो होतो, २७–२५ ने. परंतु या वेळी उत्तरार्धात संघ सावरलाच नाही. चढाईला गेलेला गडी रिकामा परत येई किंवा पकडला जाई. शेवट २७–१८. इराणचे फजल अत्राचलीसारखे खेळाडू आपल्याच प्रो कबड्डीत खेळून तयार झाले होते, आपल्या गड्यांच्या खोडी त्यांना पाठ होत्या, हे विसरून चालणार नाही. तरीही मला दिसते ते असे: इराण २०१० मध्ये अंतिम सामना हरला होता, २०१४ मध्ये हरला होता, २०१६ मध्ये अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना हरला होता. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. आपल्या मुलांना ते ठाऊक नव्हते. अठ्ठावीस वर्षांत आशियाई सुवर्ण कोणी गमावलेच नव्हते. मग हरल्यावर काय होते, हे कोण सांगणार? पराभव ही त्यांच्या दृष्टीने एक अंधारी खोली होती, आणि अंधाऱ्या खोलीत माणूस वाटेल ते पाहतो.

दुसऱ्याच दिवशी स्त्रियांचा अंतिम सामना झाला. तेथेही इराण, आणि निकाल २७–२४. इराणच्या मुलींची प्रशिक्षक कोण होती? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! परक्या देशात जाऊन त्या मुलींची भाषा शिकल्या, आणि सरावात त्यांनी योगासने आणि प्राणायाम आणला. आपले औषध आपल्यालाच लागू पडले, म्हणायचे. योगायोग असा, की श्वास आणि एकाग्रता यांच्या बळावर खेळाडूंचे मन घडवणारे भीष्मराज बाम हेही नाशिकचेच. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ २०१७ साली निवर्तला, तोवर अनेक नामवंत नेमबाज आणि क्रिकेटपटू त्यांच्याकडे शिकून गेले होते. कबड्डीत तर श्वास हाच खेळ. दम तुटला की गडी बाद. मनाचे आणि श्वासाचे नाते यापेक्षा उघड कोणत्या खेळात दिसेल?

आता बार्बोझा. त्या गोलरक्षकाला ब्राझीलने जन्मभर क्षमा केली नाही. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला परतवण्यात आले. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो म्हातारपणी बोलला आणि २००० साली वारला. आपण काही निराळे आहोत, असे समजू नका. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७–१ असे हरवले. आकडा ओळखीचा वाटला ना? आपला गोलरक्षक मीररंजन नेगी. त्याने पैसे खाल्ले, असे लोक उघड बोलू लागले. एकाही आरोपाला पुरावा नव्हता. पुढे १९९८ मध्ये भारताने आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा तो गोलरक्षकांचा प्रशिक्षक होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

नव्या दमाचा खेळाडू हे सारे ऐकत वाढतो. बार्बोझाचे काय झाले हे ब्राझीलच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तेव्हा २०१४ ची मुले रडली ती जर्मनीला भिऊन नव्हे. ती स्वतःच्या घरच्यांना भिऊन रडली.

आपल्याकडे एक म्हण आहे. बाहेरगावचे लोक ती आपल्याला चिडवायला वापरतात, आणि आपणही थोडे ओशाळून हसतो: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." निजामाच्या राज्यात नशीब काढायला निघालेला माणूस असे म्हणत असावा. जमले तर जमले. नाही तर आपली ज्वारी आहे, आपला वाडा आहे, आपली परभणी आहे. लोक हिला आळशाची म्हण समजतात. मला ती तशी वाटत नाही. ज्याच्यामागे परत जायला गाव आहे, तोच माणूस हैदराबादेच्या दरबारात ताठ उभा राहील. ज्याला परत जायला तोंडच नाही, त्याचे पाय आधीच लटपटणार.

इंग्लंडला ही गोष्ट उशिरा का होईना उमगली. १९९६ मध्ये ज्याची पेनल्टी हुकली, तो गॅरेथ साउथगेट पुढे त्यांचा प्रशिक्षक झाला. त्याने मुलांना घाई न करता, श्वास घेऊन, चेंडू नीट ठेवून मारायला शिकवले. २०१८ मध्ये इंग्लंडने कोलंबियाला पेनल्टीवर हरवले. २०२१ मध्ये मात्र युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तीन तरुणांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यावर जी गरळ ओकली गेली ती येथे उच्चारण्यासारखी नाही. त्या तिघांतला बुकायो साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. साउथगेटने दोष स्वतःकडे घेतला, कारण मारणाऱ्यांची निवड त्याने केली होती. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा पेनल्टीची वेळ आली, तेव्हा साका पुढे आला आणि त्याने गोल केला. पाचांपैकी पाच झाले. आपल्या कबड्डीचेही तसेच. २०२३ मध्ये हांगझोऊला २८–२८ असताना वाद होऊन सामना तासभर अडला, आणि तरी भारताने इराणला ३३–२९ हरवले. त्या तासाभरात डोके शांत ठेवणाऱ्यांचे मला जास्त कौतुक वाटते.

असो. आता माझे स्वतःचे सांगायचे राहिले.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेला. माझा एक चढाईपटू होता, पंधरा वर्षांचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. काळ्या रानात अनवाणी पळून त्याच्या पिंडऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. दम तर असा, की समोरच्याने वाट पाहून कंटाळावे. सामन्याआधी मी त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "बाळ, शाळेची अब्रू आज तुझ्या हातात आहे." मला वाटले, मी त्याला बळ देतो आहे.

शेवटची चढाई त्याची होती. आम्ही एका गुणाने मागे होतो. तो मध्यरेषा ओलांडून गेला, आणि निदान रेषेपर्यंतही न पोचता त्याचा दम तुटला. कोणी त्याला शिवलेसुद्धा नव्हते. तो तेथेच उभा राहून माझ्याकडे पाहू लागला. गड्यांकडे नव्हे, पंचाकडे नव्हे, माझ्याकडे. आणि मी, भगिनींनो आणि बंधूंनो, मान फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही.

तो आज शेती करतो. दोन वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होते, तेथे मला तो दिसला. त्याचा मुलगा खेळत होता. बाप चुन्याच्या रेषेबाहेर धोतराचा सोगा सावरून उकिडवा बसला होता आणि चकार शब्द बोलत नव्हता. मुलाचा संघ हरला. पोरगे धुळीने भरलेले, मान खाली घालून आले. बापाने त्याच्या पाठीवरची माती झटकली, म्हणाला, "चल, रस पिऊ." जाताना त्याने मला ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्हीबी चला." मी गेलो. तिघे मिळून रस प्यालो. त्या जुन्या सामन्याचे त्याने नाव काढले नाही, आणि मलाही धीर झाला नाही.