दातावरचा पांढरा डाग

बोरगाव मेघेतल्या आपल्या घरी आज एक करून बघा. लेकराचं तोंड उजेडाकडे करा, वरचा ओठ उचला आणि हिरडीलगतचा दात कापसाने कोरडा करा. खडूसारखा, चमक गेलेला पांढरा डाग दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे दाटीवाटीने रचलेले स्फटिक. आपण गोड खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जंतू आम्ल तयार करतात. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की स्फटिक विरघळू लागतात. त्यातला कार्बोनेट आणि मॅग्नेशियमचा अंश आधी निघून जातो. एनॅमलचा वरचा पातळ थर मात्र बराचसा शाबूत राहतो. खनिज घटतं ते त्याच्या खाली. तिथे बारीक छिद्रं पडतात. दात कोरडा केला की छिद्रांतल्या पाण्याच्या जागी हवा शिरते, प्रकाश विखुरतो आणि डाग उठून दिसतो.

या टप्प्यावर नुकसान भरून निघू शकतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत स्फटिकांवर बसतं, फ्लोराइड त्याला हातभार लावतं. म्हणून फ्लोराइडच्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासा, येताजाता गोड खाणं टाळा. एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही. डाग दिसताच दंतवैद्याला दाखवा. जवळच सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय आहेच.