गोष्टीतून निसटलेला ढग



तीस वर्षं मी कोकणातल्या वाड्यावाड्यांवर लोककथा गोळा करत हिंडलो. त्यांतल्या कितीतरी भुताखेतांच्या होत्या. तेव्हा आज बोलायचं ते त्यांच्याविषयीच, असं ठरवून आलो आहे. एकच प्रश्न मला इतकी वर्षं छळतो आहे: गोष्टीचा उलगडा हाताशी असतो, तरी तो माणसाला दिसत का नाही?

सुरुवात घरापासून करतो. माझ्या चुलत्यांना चकवा, म्हणजे वाट चुकवणारं भूत, लागला होता. शेजारच्या गावी नाटक बघायला गेले, ते अर्ध्यावर सोडून रात्री एकटेच परत निघाले. सड्यावरची, म्हणजे कातळमाळावरची, वाट पायाखालची. तरी चालून चालून थकले आणि पाहतात तो समोर मघाचाच गडगा, दगडी कुंपण. पुन्हा निघाले, पुन्हा तोच गडगा. तिसऱ्या वेळी ते तिथेच बसले, बिडी पेटवली आणि फटफटेपर्यंत हलले नाहीत. आमच्या घरात ही गोष्ट किती वेळा सांगितली गेली याला गणती नाही. गडगा, तीन फेऱ्या आणि पूर्वी त्या जागी कोण मेलं होतं, एवढं तिच्यात हमखास असायचं. माझ्या वहीतही ती तशीच उतरली आहे.

तिचा उलगडा मला पुढे एका प्रयोगात सापडला. 2009 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेतले यान सूमन आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना अनोळखी जंगलात सोडायचं आणि सरळ चालत राहा म्हणायचं, एवढाच तो प्रयोग. कोण कुठून कसा गेला, ते उपग्रहाच्या साहाय्याने टिपलं जात होतं. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलेलं होतं तेव्हा ती गोल गोल फिरली, आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेली, आणि तसं होतंय याचा त्यांना पत्ताही लागला नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात एकजण रात्री चालत होता. चंद्र होता तोवर ठीक चाललं होतं; चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेलाच परत फिरला. डोळे बांधलेली माणसं तर कधी कधी जेमतेम वीस मीटर रुंदीच्या वर्तुळात फिरत राहिली. सरळ म्हणजे कुठे, हे शरीराला बाहेरची खूण बघून सतत ताडून घ्यावं लागतं. खूण गेली की चुकीत चूक मिळत जाते.

हे वाचलं तेव्हा चुलते सत्तरीच्या पुढे होते. मी मुद्दाम गावी गेलो आणि विचारलं, "काका, त्या रात्री चांदणं होतं का?"

"निघालो तेव्हा होतं रे. सड्यावर आलो नि आभाळ भरून आलं. कंदीलही विझला होता."

"मग हे तुम्ही कधी सांगितलं कसं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" ते म्हणाले.

मित्रहो, माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या तीन शब्दांत आहे. काका खोटं बोलत नव्हते. गडगा तीनदा आला, हे अक्षरशः खरं होतं. पण ढग आणि विझलेला कंदील सांगण्याजोगे वाटले नाहीत, म्हणून ते गोष्टीबाहेर राहिले. साध्या कारणाचं नेमकं हेच होतं. ते साधं असतं, म्हणून सांगणारा ते गाळतो. आणि गाळलेली गोष्ट ऐकणाऱ्याला भुताखेरीज दुसरा आधार सापडत नाही. आमच्या जुन्या माणसांनी चकव्यावर उपाय सांगितला होता तो मात्र अचूक: जागच्या जागी बसा, उजाडू द्या.

उलगडा न दिसण्याचं दुसरं एक कारण आहे, आणि त्यात आपल्यासारख्या शिकलेल्यांचा दोष मोठा आहे. 21 सप्टेंबर 1995 आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी देशभर देवळांत गणपतीची मूर्ती चमच्याने दूध प्यायली म्हणे. मीही रांगेत होतो. माझ्या चमच्यातलं दूध मी स्वतः कमी होताना पाहिलं. सगळ्यांचे डोळे सोंडेवर. खाली ओल्या फरशीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सरकारच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं: चमचा टेकताच पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नव्हतं, रंगीत दिसलं. इतका स्वच्छ खुलासा लोकांना का रुचला नाही? कारण तो सांगताना आपण त्यांना मूर्ख म्हणालो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला "तुमची श्रद्धा खोटी" एवढंच ऐकू गेलं असणार. चमच्यातलं दूध कमी झालं होतं, हे आधी मान्य करायला हवं होतं.

"तुला भास झाला" हा खुलासा तर मला सर्वांत आळशी वाटतो. भासालाही कारण असतं. 1921 साली विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यापासून घरातल्यांची डोकी दुखू लागली, रिकाम्या खोल्यांतून पावलं वाजू लागली, रात्री पलंगाशी माणसं दिसू लागली. मुलं फिकट पडली, कुंडीतली झाडं मरू लागली. घर उबदार ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा विषारी वायू धुराड्यातून बाहेर जाण्याऐवजी घरात साचत होता. भुताचा उतारा टाकून किंवा "मनाचे खेळ" म्हणून हसण्यावारी नेऊन ते कुटुंब वाचलं नसतं. हाच कार्बन मोनॉक्साइड आज आपल्या शहरांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून माणसं मारतो.

म्हणून हा विषय मला करमणुकीचा वाटत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर मूल तापाने जातं, गोठ्यातलं जनावर मरतं, आणि कुण्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. त्या हकिकतीतूनही काहीतरी गाळलेलं असतं: पाण्याची विहीर, दवाखान्याचं अंतर, तिच्या नावावरची जमीन. अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा मारणाऱ्याला पकडेल. गाळलेला तपशील परत आणणं हे आपलं, लिहिणाऱ्यांचं काम आहे.

इथे बसलेल्या तरुण संग्राहकांना माझी विनंती आहे. भुताची गोष्ट सांगणारा भेटला तर त्याला अडवू नका, हसू नका, त्याच्या शब्दांना हात लावू नका. गोष्ट पुरी झाली की शेजारी बसा आणि विचारा: तिथी कोणती होती, आभाळ कसं होतं, कंदिलात तेल होतं का, घरात कोण आजारी होतं. तो म्हणेल, त्यात काय सांगायचं. तेही लिहून घ्या.