तांब्यावर न कोरलेला चेहरा

१७७३ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासवृत्ताच्या आरंभी एका तरुणाची छबी छापलेली आहे. तो तरुण म्हणजे सिडनी पार्किन्सन. कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर चित्रकार म्हणून तो १७६८ मध्ये दक्षिण समुद्राच्या मोहिमेवर निघाला. वनस्पती, प्राणी, माणसे, किनारे ह्यांची शेकडो चित्रे त्याने काढली आणि परतीच्या वाटेवर, १७७१ च्या जानेवारीत, हगवणीने त्याचा अंत झाला. देह समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. भावाने त्याची रोजनिशी छापली आणि जेम्स न्यूटन ह्या कारागिराकडून त्याची मुद्रा कोरवून घेतली. तांब्याचा पत्रा गुळगुळीत करावा, पोलादी कलमाने त्यावर उलटी आकृती कोरावी, रेषांत शाई भरून वरची शाई पुसावी आणि ओलसर कागद दाबावा, म्हणजे सुलटे चित्र उमटते. अशा पत्र्यानेच, ज्याला कबरही लाभली नाही, त्याचा चेहरा जगाला दाखविला.

पुढे वीसएक वर्षांनी महाराष्ट्रातही एक चित्रमोहीम चालू होती. पुणे दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा चित्रकार होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेले चित्र आजही पाहावयास मिळते. त्याने वेरूळची लेणीही रेखाटली. १७९१ मध्ये मुंबईत उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढे पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ह्यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्धच आहेत. शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. लेण्यांचे काम चालू असतानाच १७९५ मध्ये वेल्स मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने वेरूळची चोवीस दृश्ये कोरवून १८०३ मध्ये ग्रंथ काढला. ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल ह्यांची नावे आहेत. गंगारामाचे नाही.

पार्किन्सनचा भाऊ छापखान्याच्या गावी राहत होता. गंगारामाचे आप्त पुण्यात होते. तेथे छापखाना नव्हता. मात्र तांब्यावर हात चालविणारी माणसे पुण्यात होती, आणि गंगारामाचे आडनावच तांबट! मॅलेटच्या आश्रयाने कोरीवकाम शिकलेल्या पुण्याच्या एका तांबटाने पुढे मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, भगवद्गीता पत्र्यांवर कोरून १८०५ मध्ये छापली. म्हणजे हुन्नर होता, धातू होता, हातही होते. चित्रकाराची मुद्रा जतन करावी असे वाटणे तेवढे नव्हते. आपल्याकडे मुद्रा देवाची असावी, राजाची असावी. कारागिराने तिच्यामागे उभे राहावे, हीच रीत.

गंगारामाची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. वेरूळच्या खांबांची मापे घेत, अंधारात डोळे ताणून ओढलेल्या त्या रेषा पाहताना माणसाचा विसर पडत नाही. कैलास लेणे कोणी कोरले, हे आपण विचारतो. ते कागदावर कोणी आणले, हेही मराठी माणसाने एकदा विचारावयास हवे. त्या उत्तरात गंगाराम तांबट हे नाव आले, तर तांब्याच्या पत्र्याने राखून ठेवलेले देणे थोडेतरी फिटेल.