कोच-खुर्च्यांची स्वच्छता आणि तिचीं साधनें

घरांतील भांडीं रोज घांसलीं जातात, कपडे रोज धुतले जातात, फरशी दोन वेळां पुसली जाते. पण ज्या कोचावर घरचीं माणसें आणि आलेगेले दिवसाचे कित्येक तास बसतात, त्याच्या वांट्याला वर्षाकाठीं दिवाळीपूर्वीचा एक मार येतो. दोघे जण कोच ओढून अंगणांत आणतात, तिसरा छडीनें त्याला बडवितो, धुळीचा लोट उठतो, आणि धूळ गेली असें समजून सारे आंत येतात. त्यांच्या पाठोपाठ धूळहि आंत येते.

या विषयांत मी तज्ज्ञ नाहीं. प्रथम लातुरांत आणि नंतर नांदेडांत कांहीं वर्षें संसार केला, आणि या दोन गांवांनीं मला एकाच कामाचे दोन धडे दिले. ते सांगण्यापुरताच माझा अधिकार.

मराठवाड्यांतील धूळ ही काळ्या जमिनीची धूळ आहे. या जमिनींतील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. पाणी मिळालें कीं ते फुगतात आणि चिकटतात. वाळले कीं आक्रसतात. उन्हाळ्यांत शेतांना हातभर खोल भेगा पडतात त्या याच गुणामुळें. असा कण कोचाच्या विणींत बसलेला असतांना त्यावर साबणाचें पाणी ओतणें म्हणजे कापडाच्या पोटांत चिखल कालविणें होय. कोरडा असेपर्यंत तो ओढून काढतां येतो. भिजल्यावर तो धाग्याला धरून बसतो. म्हणून या भागांत कोच साफ करण्याचें पहिलें साधन हवेचें, पाण्याचें नव्हे. हें ज्याला पटलें त्याचे निम्मे पैसे वांचले.

हवेनें धूळ ओढणारें यंत्र, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, कसें जन्मास आलें त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. १९०१ सालीं ह्यूबर्ट सेसिल बूथ नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें लंडनमध्यें एका नव्या यंत्राचें प्रात्यक्षिक पाहिलें. तें यंत्र दाबाच्या हवेनें धूळ उडवी. आपल्या छडीचेंच काम तें अधिक थाटानें करी इतकेंच. उडविण्याऐवजीं ती ओढून कां घेऊं नये, असें बूथच्या मनांत आलें. त्यानें व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहांत मखमली आसनाच्या पाठीला तोंड लावून जोरानें श्वास आंत ओढला. त्याचा जीव घुसमटला, पण प्रयोग सिद्ध झाला! पुढें त्यानें केलेलें यंत्र इतकें अवजड होतें कीं तें घोड्याच्या गाडीवरून दारापुढें आणीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्रानें साफ केले गेले. खुर्चीच्या पाठीवर ज्याची पहिली परीक्षा झाली, तें यंत्र आपल्या घरांत मात्र बहुधा फरशीवरच फिरतें.

हें यंत्र विकत घेतांना दुकानदार वॅटचा आंकडा पुढें करतो. त्या आंकड्यावरून यंत्र वीज किती खातें तें कळतें. धूळ किती ओढतें तें कळत नाहीं. त्यापेक्षां एक साधी परीक्षा करावी. पातळ पांढरा रुमाल बैठकीवर पसरावा, नळीचें तोंड त्यावर टेकवावें आणि सावकाश वीस अंक मोजावे. रुमालावर काळें वर्तुळ उमटलें तर यंत्रांतहि दम आहे आणि कोचांतहि धूळ आहे. यंत्राबरोबर तीन तोंडें मिळालीं पाहिजेत: बैठकीसाठीं चार-पांच इंच रुंदीचें चपटें, शिवणींच्या आणि हातांच्या बेचक्यांसाठीं अरुंद, आणि कोरीव लांकडासाठीं मऊ केसांचें गोल. बेचक्यांतील तोंडाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि तेथेंच शेंगदाण्याचीं टरफलें, नाणीं, मुलांच्या पेन्सिली व वर्षभराची माती एकत्र नांदत असते. राहिली गाळणी. साध्या कापडी पिशवींतून आपली बारीक माती मागच्या दारानें पुन्हां खोलींत येते. ज्या गाळणीला ‘हेपा’ म्हणतात ती ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीं शेंकडा ९९.९७ अडविते, घरांत दमेकरी असेल तर तिच्यावर खर्च करण्यास कचरूं नये. नळी ओढण्याची घाई मात्र उपयोगी नाहीं. एका बैठकीला निदान दोन-तीन मिनिटें द्यावीं.

ब्रशाविषयीं थोडेंच सांगतों. घोड्याच्या केसांचा ब्रश सुती व मखमली कापडाला, नायलॉनचा ब्रश कृत्रिम धाग्याला; आणि काथ्याचा ब्रश मोरीला. औरंगाबादी हिमरूचीं अभ्रीं ज्यांच्या घरांत असतील त्यांनीं तेथें ब्रश किंवा पाणी दोन्ही लावूं नयेत; सूत आणि रेशीम यांच्या त्या विणीवर पातळ जाळीचें कापड टाकून वरून हलक्या हातानें हवा ओढावी.

आतां लातूरचा धडा. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें होतें. मार्चमध्यें पाण्याच्या टांक्यांजवळ जमावबंदीचा हुकूम लागू झाला, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. अशा दिवसांत कोच धुण्याचें नांव काढणें हाच अपराध वाटे. त्याच वैशाखांत आमच्या घरीं एक लग्न होतें. निरुपायानें दोन दिवस केवळ यंत्र, मऊ ब्रश आणि तांब्याभर पाण्यांत पिळून काढलेलीं पांढरीं फडकीं एवढ्यावर भागविलें. फडकें पांढरेंच असावें लागतें, कारण रंगीत फडक्याचा रंग कोचाला लागतो आणि कोचाचा सुटलेला रंग त्यावर दिसत नाहीं. काम संपल्यावर कोच पाहून पाहुण्यांनीं कापड नवें घातलें काय, असें विचारलें. पाणी असतें तर मीं तें नक्कीच ओतलें असतें.

आणि पाणी मिळालें तेव्हां ओतलेंच. नांदेडास बिऱ्हाड हलविल्यावर गोदावरीच्या कांठीं आल्याचा मला कांहींसा मद चढला. वडिलांची कापसाच्या भरावाची एक जुनी खुर्ची होती. श्रावणांत एका कारागिराला बोलाविलें. त्याच्याजवळ पाणी फवारून लगेच परत ओढून घेणारें यंत्र होतें. हें साधन उत्तम आहे, आणि धंद्याचीं माणसें तेंच वापरतात. त्यांत स्वच्छ पाण्याची एक व मळक्या पाण्याची एक अशा दोन टांक्या असतात, आणि हातांतल्या तोंडाला पारदर्शक खिडकी असते, तींतून परतणाऱ्या पाण्याचा रंग दिसतो. नियम असा कीं, एक हात पाण्याचा फिरविला तर दोन-तीन हात नुसते ओढण्याचे फिरवावे. तो बिचारा तसेंच करीत होता, मींच “आणखी पाणी सोडा, पाण्याची काय कमतरता आहे?” असें दोन-तीनदां म्हटलें. तिसऱ्या दिवशीं खुर्चीला कुबट वास येऊं लागला. आठव्या दिवशीं वडिलांचा दमा उसळला. अभ्रा उसवून पाहतों तों आंतला कापूस काळा पडलेला!

तेव्हांपासून मी एक हिशेब ठेवतों. स्वच्छ टांकींत पाणी मापून घालावें आणि मळक्या टांकींतून निघालेलें पुन्हां मापावें. पांच लिटर गेलें आणि तीनच परतलें, तर उरलेलें दोन लिटर कोणीं प्यालें? तें भरावांत आहे. कारागीर निवडतांनाहि हाच प्रश्न विचारावा. जो माप दाखविण्यास तयार होईल तो आपला. त्यानें आधीं कोरडी धूळ काढावी, कोचाच्या मागच्या अंगाला रंगाची परीक्षा घ्यावी आणि काम झाल्यावर पंखा लावून गाद्या कडेवर उभ्या कराव्या, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनीं लागते. भाव पाडून घेतला कीं पहिली कात्री कोरड्या ओढण्याच्या वेळालाच लागते, कारण त्यांत दिसण्यासारखें कांहीं नसतें.

तयार कोचाच्या अभ्र्याच्या आंत कधीं कधीं एक चिठ्ठी शिवलेली असते. तींत ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याचें साधन चालतें, ‘एस’ असेल तर केवळ द्रावक, दोन्ही अक्षरें असतील तर दोन्ही, आणि ‘एक्स’ असेल तर फक्त हवा. द्रावक बहुधा ज्वालाग्राही असतात. खिडक्या उघड्या आणि देवापुढचा दिवा शांत असल्याखेरीज त्यांची बाटली उघडूं नये. आपल्याकडील पुष्कळ कोच गांवांतल्याच कारागिरानें केलेले असल्यामुळें चिठ्ठी नसते. कोच करून घेतांनाच कापडाचा वीतभर तुकडा मागून ठेवावा. पुढें डाग पडल्यास प्रयोग त्या तुकड्यावर होतील.

डागांचा राजा अर्थातच वरणाचा. हळदीच्या डागावर साबण लावतांच तो लालभडक होतो आणि गृहिणीच्या काळजांत चर्र होतें. घाबरण्याचें कारण नाहीं; हळदीला चुन्याचा स्पर्श झाला कीं कुंकू होतें, तोच हा क्षाराचा खेळ. पाण्यांत थोडा व्हिनेगर घालून टिपलें कीं डाग पुन्हां पिवळा होतो, आणि पिवळेपणा उन्हानें हळूहळू उडतो. दूध, अंडें किंवा रक्त यांच्या डागावर मात्र वाफेचें यंत्र किंवा गरम पाणी कदापि नेऊं नये. ते शिजून कायमचे बसतात.

आणखी एक सूचना केवळ आपल्या भागासाठीं. विंधन-विहिरीच्या जड पाण्यानें यंत्राच्या फवाऱ्यांत क्षार धरतात आणि कापडावर पांढऱ्या कडा उमटतात. काटकसरी घरांत आर-ओ यंत्रांतून बाहेर पडणारें पाणी बादलींत सांठवितात. तें फरशीला चालेल, पण त्यांत क्षार अधिकच दाटलेले असतात, म्हणून या यंत्रांत तें घालूं नये. शुद्ध झालेलें पाणी चार-पांच लिटर लागतें, तेवढें द्यावें.

वडिलांची खुर्ची आश्विनांत परत आली. पिंजाऱ्याचा शोध घेण्यांत महिना गेला, आणि तोंवर ते खाटेवरच बसले. दुसऱ्या खुर्चींत बसण्यास ते तयार होईनात. पुढच्या वेळीं चार लिटर पाणी गेलें आणि साडेतीन परत आलें. माप वडिलांनीं स्वतः शेजारीं उभें राहून करून घेतलें.